मंजूर झालेला ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे आणि पहिल्यापासूनच भित्री आहे. भोंगा वाजवत सुसाट धावणारी गाडी भित्री कशी, असे तुम्हाला वाटेल. पण घाबरलेला माणूस ओरडतोच की नाही? माझेही तसेच समजा.

कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला, डाव्या अंगाला रुग्णाची खाट बसवली गेली, डोक्यावर दिवा आला. मग एका तपासनिसाने मला उतारावर सोडून दिले आणि ऐन मध्यावर करकचून ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले, पण ती भीती आजवर पुरती गेलेली नाही.

मला गावातल्या एका सेवा मंडळाने विकत घेतले. दर गुरुवारी पाच वाजता मंडळाची सभा पहिल्या मजल्यावर भरे आणि मी बरोबर खिडकीखाली उभी असे. माझ्यासाठी सभासदांनी दोन वर्षे निधी जमवला होता. त्यांनी जुनी पुस्तके विकली, रविवारी लोकांच्या गाड्या धुतल्या. अध्यक्ष असलेल्या वकीलबाईंनी तर गाण्याचा कार्यक्रम केला. लोकांनी आधी गाण्यासाठी आणि नंतर थांबण्यासाठी पैसे दिले, असे सभासद शिंपीदादा त्यांना अजून चिडवतात. देणगीदारांची नावे माझ्या अंगावर रंगवली गेली. दातांच्या डॉक्टरांनी आपले नाव हट्टाने पुढच्या जाळीशेजारी घालून घेतले. नवी नवी असताना मी जिथे जाई तिथे लोक कौतुकाने बघत आणि मी उगीचच फुशारून जाई.

माझा चालक एकच, ड्रायव्हरकाका. बारा वर्षे त्यांनी मला चालवले. रुग्ण आत असला की खड्डा दिसताच ते स्वतःच "आई गं" म्हणत, म्हणजे रुग्णाला म्हणावे लागत नसे. गुरुवारी चहाची किटली सभेत वर नेऊन देण्याचे कामही त्यांच्याकडेच होते.

हळूहळू माझे वय झाले. नावांना दरवर्षी ताजा रंग लागे, पोटाखाली मात्र कोणी वाकून बघत नसे. मागच्या चाकाजवळ ब्रेकची नळी झिजली आणि तेल गळू लागले. काकांचा पाय आधी थोडा, मग बराच खोल जाऊ लागला. एकदा दाबून भागेना, दोनदा दाबावे लागे. दवाखान्याचा उतार आला की माझ्या अंगाला कापरे भरे. काकांच्या तळहाताला घाम सुटे, तो मला स्टिअरिंगवर कळत असे.

"सभेत विषय टाकतो," काका मला म्हणाले. "आता अंत नको बघायला."

मंडळाचे सचिव औषधांचे दुकान चालवत. माणूस भला, पण घड्याळाचा गुलाम. सभा तासाभरात उरकावी म्हणून त्यांनी नियम केला होता, की विषय चिठ्ठीवर एका शब्दात लिहायचा आणि पेटीत टाकायचा. चिठ्ठीवर नाव नाही, कारणे नाहीत. काका सभासद नव्हते, त्यामुळे त्यांना सभेत बसता येत नसे. त्यांनी नियमाप्रमाणे सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला. ब्रेक.

मी खिडकीखाली कान टवकारून उभी होते. वर सचिवांनी चिठ्ठी उघडली.

"पुढचा विषय, ब्रेक."

"बरं झालं कोणीतरी काढला," शिंपीदादा म्हणाले. "सव्वापाचला चहा म्हणजे फार लवकर होतो. बोलण्याला रंग चढतो तोवर किटली हजर."

"साडेपाच करू या?" वकीलबाईंनी विचारले.

सगळ्यांनी हात वर केले असावेत, कारण सचिव लगेच म्हणाले, "मंजूर."

मित्रांनो, मी तेव्हा किती किंचाळले असते! पण किल्ली फिरवल्याशिवाय मला आवाज नाही. थोड्या वेळाने काका खिडकीखाली येऊन वर बघत म्हणाले, "साहेब, ब्रेकचं काय झालं?"

किटली आणणारा माणूस ब्रेकची चौकशी करतो, यात सचिवांना काहीच वावगे वाटले नाही. त्यांनी हसून सांगितले, "मंजूर, काका. एकमताने."

काकांनी माझ्या दारावर थोपटले. "बघ, उगाच घाबरत होतो आपण."

दुर्दैव असे, की दुसऱ्याच दिवशी मला नवी नावे रंगवायला गॅरेजमध्ये पाठवले गेले. तिथल्या माणसाने रिकामी होत आलेली ब्रेकच्या तेलाची डबी सहज म्हणून भरून दिली. गळकी नळी तशीच राहिली. परत येताना काकांनी पाय ठेवला तर ब्रेक घट्ट लागला. त्यांना वाटले, काम झाले. ते शीळ घालत मला घरी घेऊन आले. उभी राहिले तिथे मागच्या चाकाखाली थेंब पडत होता. रुपयाएवढा डाग झाला, मग बशीएवढा. एवढ्याशा डागाची कोणाला एवढी भीती वाटू शकते, हे मला तेव्हा कळले.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंना दवाखान्यातून घरी सोडायला निघालो. मांडीचे हाड जोडलेले, बाई खाटेवर आडव्या, उशाशी त्यांचा भाऊ. उतार सुरू झाला. काकांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, पण पायाखाली काहीच लागेना.

खाली चौक होता, माणसांनी आणि सायकलींनी भरलेला.

"दादा, बहिणीला घट्ट धरा," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला. वेग थोडा मंदावला, तरी मी थांबेना. डाव्या बाजूला दगडी कठडा होता, पण डावीकडे बाईंची खाट होती. काकांनी एकदा मागे बघितले. मग स्टिअरिंग उजवीकडे फिरवले, रस्ता ओलांडला आणि मला आपल्या, चालकाच्या बाजूने पलीकडच्या भिंतीला घातले.

मी घासत घासत थांबले. बाईंना खरचटलेसुद्धा नाही. काकांचा उजवा पाय मात्र माझ्याच पत्र्यात चेपला.

गुरुवारी मला ओढून आणून पुन्हा खिडकीखाली उभे केले होते. त्या दिवशी सभेत काकू आल्या, काकांची बायको.

"हे म्हणतात विषय मंजूर झाला होता," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही बदललं काय?"

सचिवांनी मागच्या सभेचा कागद काढला. "ब्रेक सव्वापाचऐवजी..." एवढेच त्यांनी वाचले आणि कागद खाली ठेवला. साडेपाचला चहा आला आणि तसाच गार झाला.

मंडळाने पुन्हा निधी उभारला. काकांच्या उपचाराचा सगळा खर्च भागला, माझी नळीही बदलली. चिठ्ठीचा नियम गेला. आता विषय ज्याचा, तो वर जाऊन स्वतः बोलतो, कितीही वेळ लागो. घासलेल्या बाजूवर पुन्हा नावे रंगवू नका, असे दातांचे डॉक्टर स्वतःच म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना बोलता येत नाही. आमचे दुखणे थेंबाथेंबाने बाहेर येते. म्हणून अधूनमधून खाली वाकून बघत जा. आणि कोणी "झालं" म्हणाले, तर काय झाले, तेही विचारत जा.

काकांना आता गाडी चालवता येत नाही. तरी दर गुरुवारी ते काठी टेकत येतात, चालकाच्या जागेवर बसतात आणि डाव्या पायाने माझा ब्रेक दाबून बघतात. तो घट्ट लागतो. काका तरीही बराच वेळ पाय उचलत नाहीत.