तिरपे शब्द दोघींचे

उमाबाईंना शब्दशोधाचं वेड लागलं ते नवऱ्याच्या किडनीपायी. किशनरावांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कंधारहून सकाळची एसटी धरून नांदेडला यायचं, त्यांना आत सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर चार तास बसायचं. जिने उभ्या जन्मात रिकामं बसणं पाहिलं नाही, तिला ही शिक्षाच. मोबाईल बघावा तर डोळे चुरचुरायचे, शेजारणींशी बोलावं तर त्यांच्या दुखण्याच्या कहाण्यांनी जीव घाबरा व्हायचा. एकदा बसस्टँडवरच्या गाड्यावरून त्यांनी शब्दशोधाचं पुस्तक उचललं. पातळ, पिवळट कागद, पानभर चौकटीत भरलेली अक्षरं, खाली शब्दांची यादी. कुठे आडवे, कुठे उभे, कुठे तिरपे दडलेले शब्द हुडकायचे आणि पेन्सिलीने गोल करायचे. चहा-भज्यांपेक्षा स्वस्तात दिवस जात होता.

पण उमाबाईंची नजर पडली घारीची. दोन खेपांत पुस्तकाचा फडशा पडला. तिसऱ्या खेपेला नवीन पुस्तक घेऊन त्या तावातावाने गोल करत सुटल्या, तेव्हा शेजारची बाई हसली.

"अक्का, एवढ्या बिगीनं संपवल्यावर पुढं काय करणार? चार तास काढायचेत."

ती पंचशीला. हिमायतनगरची. तिचा मुलगा आदर्श आत होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान नुकतं कुठे जम धरत होतं आणि ऐन उमेदीत पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या.

"मग काय करू म्हनतीस?"

"वाटून घेऊ."

अशी वाटणी झाली. आडवे शब्द उमाबाईंचे, उभे पंचशीलाचे. दुसरीचा शब्द डोळ्यांसमोर आला तरी ब्र काढायचा नाही. उमाबाईंना हे फार जड जाई. समोर ‘पडवळ’ हा उभा शब्द दिसतोय आणि पंचशीला भलतीकडेच चाचपतेय, हे बघून त्यांची बोटं शिवशिवायला लागत. तिरपे शब्द मात्र शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखलेले, कारण तेव्हा दारामागे काय चाललं असेल या विचाराने दोघींचा धीर सुटू लागायचा. मग डोक्याला डोकं लावून दोघी तिरपे हुडकायच्या. ते दोघींचे.

वेळ झाली की पंचशीला आधी उठायची. डायलिसिसच्या खोलीत चप्पल चालत नसे, त्यामुळे दाराशी चपलांचा नुसता ढीग. त्यातून ती आदर्शच्या निळ्या चपला काढून दारासमोर नीट मांडायची. बाहेर येताना त्याला चक्कर यायची, वाकता यायचं नाही. "दाजींच्या पन ठेवते," म्हणत शेजारी किशनरावांच्याही मांडायची.

एका मंगळवारी पंचशीला आली नाही. शुक्रवारीही नाही. आत आदर्शच्या मशीनवर दुसराच माणूस झोपला होता.

त्या बाकांवर एक रीत होती. कुणाचं माणूस यायचं थांबलं की कुणी चौकशी करत नसे. "शिफ्ट बदलली असंल," एवढंच म्हणायचं आणि पिशव्या सरकवून जागा भरून टाकायची. अर्थ सगळ्यांना कळायचा, पण आपलं माणूस आत असताना तो बोलायचा कसा? उमाबाईही म्हणाल्या, "शिफ्ट बदलली असंल." त्यांच्या मोबाईलमध्ये पंचशीलाचा नंबर होता, आदर्शनेच घालून दिलेला. कितीदा तो काढला आणि कितीदा मोबाईल पुन्हा पिशवीत टाकला. जोवर विचारत नाही तोवर पोरगा कुठल्या तरी शिफ्टमध्ये आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

पुढे पंचशीलाच्या जागेवर सुकन्या येऊन बसली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, नवऱ्याची पहिलीच खेप, पोरगी ओढणीचं टोक पिळत रडत होती. उमाबाईंना राहवलं नाही. पेन्सिल तिच्या हातात देत म्हणाल्या, "हे बघ, आडवे माझे, उभे तुझे." बोलून गेल्यावर त्यांना अपराध्यासारखं झालं. पण पोरीचं रडू थांबलं होतं.

आणि मग एका मंगळवारी पंचशीला दारात उभी. खांद्याला नेहमीची पिशवी. अंगाने निम्मी झालेली. उमाबाई लगबगीने उठून तिच्याकडे गेल्या आणि त्यांची नजर आपोआप तिच्या पाठीमागे गेली. मागे कुणी नव्हतं.

"गेला, अक्का," पंचशीला हळूच म्हणाली. "पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. पन मंगळवार उजाडला की मी डबा भरून बसते. आज भरला आन तशीच एसटीत बसले. म्हनलं, उभे शब्द राहिले असतील."

तेवढ्यात तिला बाकावरची सुकन्या दिसली. मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल. उमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलं, तू आता कशाला येशील..."

"बरोबर हाय की. बसू द्या पोरीला."

सुकन्याने घाईने सरकून जागा दिली. पंचशीला टेकली. पुस्तक घेऊन पानं उलटू लागली. उमाबाईंचे ठसठशीत आडवे गोल, सुकन्याचे कापऱ्या हाताचे उभे गोल. पानामागून पान. मग तिचं बोट थांबलं.

"तिरपे केले न्हाईत?"

उमाबाईंनी बघितलं. एकाही पानावर तिरपा शब्द काढलेला नव्हता. शेवटचा अर्धा तास उरला की डोळे दुखतात म्हणून त्या पुस्तक मिटून टाकत होत्या. खरं कारण त्यांचं त्यांनाच आत्ता कळलं.

"एकटीनं होत न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "फोन करणार होते गं. हात धजला न्हाई."

"मी पन न्हाई केला. तुमी विचारलं असतं, तर सांगावं लागलं असतं."

मग दोघींनी डोक्याला डोकं लावलं. नद्यांचं पान होतं. पंचशीलाला तिच्या गावाकडची पैनगंगा सापडली, कोपऱ्यातून खाली उतरत गेलेली. तिने सावकाश गोल केला. पान झालं, दुसरं घेतलं. उमाबाईंना वाटलं, आज ते दार उघडूच नये.

पण ते उघडलं. सिस्टरने हाक दिली आणि सवयीने पंचशीलाच आधी उठली. चपलांच्या ढिगापाशी वाकली. एक जोड बाजूला सारला, दुसरा सारला, खालचा वर केला. काय शोधतेय हे उमाबाईंना कळलं, बाकावरच्या सगळ्यांनाच कळलं. सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तिचा हात थांबला. थोड्या वेळाने तिने किशनरावांच्या चपला काढल्या आणि दारासमोर मांडल्या. मांडल्या त्या एका कडेला, शेजारी आणखी एक जोड मावेल एवढी जागा सोडून.

सुकन्या उमाबाईंच्या कानाशी आली. "काकू, ह्यांचं पेशंट कुठल्या शिफ्टला असतं?"

शिफ्ट बदलली, असं म्हणता आलं असतं. उमाबाईंच्या तोंडात तयारच होतं ते. पलीकडच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.

"कुठल्याच न्हाई," उमाबाई म्हणाल्या, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तिचा पोरगा होता. आदर्श नाव त्याचं. गेला तो."

चपलांपाशी वाकलेली पंचशीला तिथेच खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली.