आंबटातली साखर

राही शिवलकरने जांभळाच्या वाइनच्या पहिल्या बाटलीवर ‘सेमी ड्राय’ असं लेबल लावलं तेव्हा ते खरं होतं.

ती दापोलीला अन्नप्रक्रिया शिकलेली. लग्न होऊन रत्नागिरीजवळ भाट्याला आली. नवरा सुजय मुंबईत हॉटेलात नोकरी करायचा, ती सोडून गावी परतला होता. दोघांनी मिळून पावसच्या रस्त्यावर छोटा कारखाना टाकला. मागे टाक्या, पुढे काउंटर. गणेशगुळ्याला, पावसला जाणारे पर्यटक वाटेत थांबायचे, घोटभर चव घ्यायचे आणि बहुतेक जण तोंड वेडंवाकडं करायचे.

“आंबट ढाण आहे हो,” एक बाई म्हणाली. “शिवाय घशाला तुरट.”

तसं होणारच होतं. जांभळाच्या रसातली जवळजवळ सगळी साखर यीस्टने खाऊन टाकली होती आणि तिची दारू झाली होती. थोडीच उरली होती, म्हणून सेमी ड्राय. पण फळाचा स्वतःचा आंबटपणा आणि तुरटपणा कुठे जाणार? साखर कमी झाल्यावर तो उलट जास्तच जाणवायला लागला.

“गोड कर,” सुजय म्हणाला.

पुढची टाकी आंबून तयार झाल्यावर राहीने पडवीत सहा ग्लास मांडले. प्रत्येकात मागच्यापेक्षा जास्त साखर घातली. सुजयने चव घेतली, शेजारच्या दोघांना बोलावून घ्यायला लावली. पहिले चार ग्लास सगळ्यांनी बाजूला सारले. पाचव्याला सुजयचा चेहरा खुलला.

“ही! ही जमली. गोड नाही, आंबट नाही, झकास.”

राहीने आकडा पाहिला. लिटरला ऐंशी ग्रॅम साखर. बाटलीत पंधरा चमचे तरी.

“सुजय, ही सरळ स्वीट वाइन आहे. सेमी ड्राय म्हणता नाही येणार.”

“लागते कुठे गोड?”

“कोकम सरबतात किती साखर ढकलतो आपण? तरी आंबट लागतंच ना? जिभेला नाही कळलं म्हणून साखर जात नाही.”

“हे बघ, लेबलं छापून आलीत. पुढच्या खेपेला बदलू. लोक चव बघून घेतात, लेबल वाचून नाही.”

राहीने वाद घातला नाही. साखर पुन्हा आंबून बाटल्या फुटू नयेत म्हणून लागतं ते सगळं तिने नीट केलं, त्यात कसूर ठेवली नाही. आणि बाटल्यांना जुनंच लेबल लावलं.

माल खपू लागला. डिसेंबरात तर दुपारी काउंटरवर उभं राहायला जागा नसे. एकदा राही मागे टाकी धूत असताना तिला सुजयचा आवाज ऐकू आला.

“काका, शुगर आहे ना? मग हीच घ्या. जांभूळ आहे. जांभळाच्या बिया वाटून खातात लोक शुगरवर. आणि ही तर सेमी ड्राय.”

रात्री जेवताना ती म्हणाली, “असं सांगत जाऊ नकोस लोकांना.”

“अगं, सगळं गाव सांगतं ते. मी काय वेगळं सांगितलं?”

त्या आठवड्यात दोनदा तरी तिने तेच वाक्य पुन्हा ऐकलं, आणि दोन्ही वेळा नळ थोडा मोठा सोडला.

घरात सुजयचे वडील विठू शिवलकर, सगळ्यांचे आप्पा, सुद्धा मधुमेही. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर काढली, पण त्याआधी लहानपणी बापाबरोबर माडावर चढून माडी काढली होती. सुजयने त्यांना एक बाटली आणून दिली. त्यांनी घोट घेतला, टाळूला जीभ लावून मचमच केलं आणि खूश झाले.

“पहाटेची नीरा गोड असते,” ते सावित्रीबाईंना, म्हणजे बायकोला, सांगत. “ऊन चढला की ती आंबते. आंबट झाली म्हंजे साखर संपली. ही बघ कशी आंबट हाय. हिच्यात साखर राह्यलीच नाय.”

माडीच्या बाबतीत त्यांचं खरंच होतं. सावित्रीबाईंनाही ते पटलं. रोज रात्री दोन ग्लास, औषध म्हणून. बाटली संपली की सुजय दुसरी आणून द्यायचा. राहीला त्यांच्या खोलीत कधी बाटली दिसली तर वाटे, पाहुणेरावळे आले असतील, घेतली असेल थोडी. तिने विचारलं नाही. आप्पांनी संध्याकाळची गोळी बंद केल्याचं तर तिला माहीतच नव्हतं.

जानेवारीत ओहोटीला आप्पा समुद्रकाठच्या खडपांवर कालवं काढायला गेले. चप्पल फाटकी होती. कालवाची शिंपी पायात घुसली, पण त्यांचे पाय आधीच बधिर झालेले. रक्त दिसलं तेव्हा कळलं. घरी येऊन हळद लावली. आठवड्याने करंगळी काळी पडली आणि ताप चढला.

रत्नागिरीतल्या दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

“गोळ्या चालू होत्या?” डॉक्टरांनी विचारलं.

सावित्रीबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, “सकाळची घेत होते. संध्याकाळची नाही. आमची जांभळाची वाइन घेतात ना, तिच्यात साखर नसते, ती औषधीच. मग दोन दोन औषधं कशाला म्हणाले.”

राही भिंतीला टेकून उभी होती. तिने सुजयकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

“किती वाइन?” डॉक्टर.

“दोन दिवसाला एक बाटली.”

बाहेर व्हरांड्यात राहीने सुजयला गाठलं. “रोज सात-आठ चमचे साखर प्यायले ते. आणि गोळी सोडली.”

“शिंपीने झालंय हे. मी पायात शिंपी घातली का?”

“मी तसं म्हटलं?”

“तुझ्या तोंडावर दिसतंय. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? गोळी सोडली हे मुख्य कारण. वाइनचं किती, ते नाही सांगता येत.”

“गोळी का सोडली त्यांनी?”

सुजय पार्किंगच्या दिशेने निघून गेला. राही तिथेच बाकावर बसली. तिला त्याच्यावर चिडता येत नव्हतं, निदान पुरतं चिडता येत नव्हतं. ऐंशी ग्रॅमचा आकडा तिने स्वतः मोजला होता.

आप्पा घरी आले ते बारीक होऊन. चार दिवसांनी त्यांनी बाटली मागितली.

“नाही आप्पा. त्यात साखर आहे,” राही म्हणाली.

“नाय गो. आंबट हाय ती.”

“साखर आहे.”

“मी माडीत वाढलो. मला शिकवतेस? साखर हाय तर ती जिभेला लागायला नको?”

डॉक्टरांचं सांगून झालं, सावित्रीबाईंनी समजावून झालं, आप्पा हट्टाला पेटले. तेव्हा राहीने एक बाटली उघडली आणि त्यांची खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली. अख्खी बाटली पातेल्यात ओतली आणि गॅस पेटवला. सुजय दारात येऊन उभा राहिला.

आधी दारूचा वास उडाला, मग वाफ. जांभळं पाणी आटत आटत पातेल्याच्या तळाशी गेलं. त्याला जाड बुडबुडे यायला लागले. राहीने पळी घालून वर उचलली तेव्हा त्यातून पाकासारखी तार लोंबली. तिने गॅस बंद केला, थोडं बशीत काढून निवू दिलं आणि बशी आप्पांपुढे धरली.

आप्पांनी बोट बुडवलं. अंगठ्याने चोळलं. बोट अंगठ्याला चिकटलं.

“काकवी झाली ही,” ते हळू म्हणाले.

“तुमची माडी आंबट होते ती साखर संपल्यामुळे. जांभूळ मुळातच आंबट. त्यात वरून साखर घातली की आंबटाखाली ती झाकून जाते. ही आम्ही घातली आप्पा. मी घातली.”

“तुला ठाऊक होतं?”

“साखर किती ते ठाऊक होतं. तुम्ही रोज पिता हे नव्हतं.”

“आणि हा काउंटरवर काय सांगतो, ते?”

राहीने पदर सावरला. “ते ठाऊक होतं.”

आप्पांनी सुजयकडे मान वळवली नाही. बशी बाजूला सरकवली आणि सावित्रीबाईंना म्हणाले, “मला खोलीत ने.”

त्या दिवसापासून ते सुजयशी बोलेनासे झाले. राहीशी बोलत, पण जेवढ्यास तेवढं.

दुसऱ्या दिवशी तिने काउंटर उघडलं नाही. उरलेल्या बाटल्या आत घेतल्या. फोनवर ऑर्डर देणाऱ्यांचे नंबर होते. वाइन गोड आहे हे सांगायला ते एकेक करून लावत बसली. काउंटरवरून बाटली उचलून गेलेल्यांचा काहीच माग नव्हता. एकाने शिव्या दिल्या. एकजण हसला, म्हणाला, आमच्या घरी कोणालाच शुगर नाही, बिनधास्त पाठवा अजून. तिचा आवाज बसायला लागला तेव्हा सुजय येऊन समोर बसला. त्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि पुढचा नंबर लावला.

तो नंबर संगमेश्वरजवळच्या एका गावातल्या केरू गुरवांचा होता. त्यांचा मुंबईतला मुलगा गावी आला की फोन करून इथून बाटल्या घेऊन जायचा. फोन सुनेने उचलला.

“ते दवाखान्यात आहेत,” ती म्हणाली, आणि रेंज गेली.

पुन्हा लावला, लागला नाही. सुजयने फोन खाली ठेवला. “हे काउंटरवरचे ते शुगरवाले काका,” तो म्हणाला. “मीच सांगितलं होतं त्यांना. मुलाला म्हणाले, बघ, हे बरं आहे.”

कुठला दवाखाना ते कळलं नव्हतं, म्हणून दोघं लगेच त्यांच्या गावाला निघाली. हातखंब्याला गाडी हायवेला लागली. गाव हायवेपासून आत, उतारावर. घर शोधून पोचली तर अंगणात एक म्हातारा खुर्चीवर बसलेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

“मोतीबिंदू काढला,” केरू गुरव म्हणाले. “आत्ताच आणलं मला घरी. तुम्ही कोण?”

सुजयने सगळं सांगितलं. लेबल खोटं होतं. वाइन गोड होती. जांभळाची म्हणून शुगरला चालते, हे त्याने मनाने सांगितलं होतं. वडिलांची बोटं गेली तेही सांगितलं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. त्यानेही गोळी अर्ध्यावर आणली होती. ऑपरेशनच्या आधी साखर वाढलेली निघाली म्हणून पंधरा दिवस थांबावं लागलं होतं. का वाढली ते घरात कोणालाच कळलं नव्हतं.

“मग तेव्हा का नाय सांगितलंत?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

सुजय राहीकडे बघायला लागला. राही अंगणातल्या सारवलेल्या जमिनीकडे.

“खपत होती,” शेवटी ती म्हणाली.

सुनेने चहा आणला. बिनसाखरेचा कुठला आणि साखरेचा कुठला, ते तिने दोनदा सांगितलं. केरू गुरवांनी उरलेल्या दोन बाटल्या आतून मागवल्या आणि सुजयच्या हातात दिल्या. “पैसे नकोत,” म्हणाले. “पण आमच्या वाडीत शुगरवाली आणखी एक आहे, तिला मी दिली होती एक बाटली. तिच्याकडे जाऊन सांगा. मी सांगितलेलं तिला पटायचं नाय. माझ्याच तोंडून ऐकलंय ना तिने, चांगली हाय म्हणून.”

वाट पायऱ्यांची होती. सुजय पुढे निघाला. राहीने चपला घातल्या आणि त्याच्या मागोमाग उतरू लागली.