दोन शोशाम्मांचा एकच टब

मी एक जुना बाथटब आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, शेवटी खरी शोशाम्मा खरी ठरली, खोटी पळून गेली आणि अन्नम्मा वाचली.

आता हे मी बोललोच नाही असं समजा. आत्मवृत्तात शेवट शेवटीच यावा अशी शिस्त आहे आणि मी शिस्तीचा टब आहे. तेव्हा शोशाम्मा कोण, अन्नम्मा कोण, तुम्हाला काही ठाऊक नाही. पुढे काय होणार ते मलाही ठाऊक नाही. मी आत्ता कुठे जन्माला येतो आहे.

माझं अंग बिडाचं, त्यावर पांढरा मुलामा आणि खाली सिंहाच्या पंजासारखे चार पाय. कारखान्यातून निघालो तो थेट केरळातल्या वेंबनाड सरोवराच्या काठावरच्या एका हॉटेलात लागलो. तिथे पाहुणे माझ्यात बसून खिडकीतून सरोवराकडे पाहत. बाहेर एवढं पाणी असताना माणसं आत वेगळं पाणी भरून त्यात का बसतात, हे मला कधी कळलं नाही. पण चौकशा करणं हे टबाचं काम नव्हे. पुढे हॉटेलवाल्यांनी अंघोळीचे फवारे बसवले आणि मला भंगारात काढलं. जिन्यावरून उतरवताना माझा एक पाय मोडला आणि काठाचा मोठा टवका उडाला.

भंगारवाल्याकडून मला वर्की नावाच्या गृहस्थाने घेतलं. त्याची बदकं होती. बदकांना हक्काचं पाणी हवं, असं त्याचं म्हणणं. होडीत घालून त्याने मला घरी नेलं, मोडक्या पायाखाली जांभ्याचा चिरा सरकवला आणि काठोकाठ भरलं. बदकांनी माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या कालव्याकडे पाहिलं आणि ती कालव्यात गेली.

"इच्चाया, आता ह्यात तुम्हीच पोहा," त्याची बायको म्हणाली; नवऱ्याला ती इच्चाया म्हणे.

ही शोशाम्मा. तिने मला फुकट बसू दिलं नाही. माझ्यात चिखल घातला, शेणखत घातलं, वर पाणी सोडलं आणि कमळाचा एक कंद आडवा ठेवला. कमळाचा कंद आतल्या आत धावतो, मित्रांनो. चौकोनी भांड्यात त्याचं टोक कोपऱ्यात अडकतं आणि कुजतं. मला कोपरेच नाहीत. माणसांसाठी घडवलेला असून मी कमळासाठी जास्त लायक निघालो, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं यश.

त्या भागात कमळांचं वेड लागलेल्या बायका पुष्कळ. त्यांचा फोनवर 'कमळ परिवार' नावाचा एक गट होता. कासरगोडपासून त्रिवेंद्रमपर्यंतच्या बाया त्यात कंद विकायच्या, घ्यायच्या, बदलायच्या. गटाच्या प्रमुख प्रसन्नाटीचर. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेला ते माहीत असलं तरी त्यांना नव्हतं. कुणी गटात गुलाबाचं चित्र टाकलं की त्या नाव घेऊन उभं करायच्या.

शोशाम्मा माझ्यातल्या फुलांचे फोटो टाकायची. तिला फोटो कापूनबिपून नीट करता येत नसे, त्यामुळे प्रत्येक फोटोत माझा टवका उडालेला काठ असायचाच. कौतुक मात्र फुलाचं व्हायचं. पालघाटच्या एका बाईंनी एकदा 'टब सुंदर आहे' असं लिहिलं आणि लगेच पुसलं; त्यांना दुसऱ्या गटात लिहायचं होतं. पण मी वाचलं होतं.

मग शोशाम्माने दोन जातींचा संकर केला. ब्रशाने पराग उचलून या फुलाचे त्या फुलावर लावले, बी धरलं, रुजवलं आणि वाट पाहिली. सायीच्या रंगाचं, कडेला गुलाबी झाक असलेलं नवंच कमळ आलं. तिने त्याला सासूचं नाव दिलं, अन्नम्मा. कारण ते उमलायला फार नखरे करायचं आणि उमललं तेव्हा भिंतीकडे तोंड करून.

गटात धांदल उडाली. सगळ्यांना अन्नम्मा हवी होती. शोशाम्माने मागच्या टोपल्यांतले कंद उपसले, ओल्या काथ्यात गुंडाळून ठेवले. कोट्टयमच्या उन्हाळ्यात असे कंद थोडेच आठवडे तग धरतात, मग मऊ पडतात. तेव्हा जे काही व्हायचं ते लवकर व्हायला हवं होतं.

पण शोशाम्मा म्हणजे शोशाम्मा. तुम्ही तिला कंद मागितलात की चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी ती विचारणार, जेवलीस का. मग सांगणार, कंद बरा आहे पण अंकुराचा एक डोळा बारीक आहे, फार आशा धरू नकोस. मग विचारणार, तुझ्याकडे ऊन किती वेळ असतं. तुम्ही इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता असं कळलं की विषय संपला. वर मनी प्लांट लावायचा सल्ला.

अशात गटात दुसरी शोशाम्मा आली.

नाव तेच, चेहरा तोच, फक्त नावाच्या शेवटी एक टिंब जास्त. तिच्या पानावर अन्नम्मा होती, खाली मी होतो, माझा टवका होता, चिरासुद्धा होता. आपण दुसऱ्या कुणाच्या अंगणात उभे आहोत हे आपल्यालाच ठाऊक नसणं, ही भावना मी कुणाला समजावून सांगू, मित्रांनो?

ही शोशाम्मा लगेच उत्तर द्यायची. ताई, नमस्कार. ताई, कंद उत्तम आहे. ताई, आजच पाठवते, आधी पैसे तेवढे टाका. लोकांना तिचा फार लळा लागला. 'हल्ली शोशाम्माचेची किती बदलल्या,' असं तिला चेची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या बाया एकमेकींना सांगू लागल्या. 'पूर्वी खाष्ट होत्या.'

आणि तिने एक कमालीची गोष्ट केली. 'माझ्या नावाने कुणीतरी लोकांना फसवत आहे, माझ्या भगिनींनी सावध राहावं,' असा इशारा तिनेच आधी गटात टाकला. भाषा इतकी कळकळीची की प्रसन्नाटीचरांनी तो सर्वांना मोठ्याने वाचायला सांगितला. वर्कीने तर तो आपल्या बायकोलाच पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ, तुझ्यासारख्याच कुणा बिचारीवर काय वेळ आली.' बायको तेव्हा माझ्यावर वाकून शेवाळ काढत होती, तो तिच्यापासून दोन हातांवर बसला होता.

मग मलप्पुरमच्या सुबैदाला पार्सल आलं.

सुबैदा शिवणकाम करायची. आयुष्यातलं पहिलं कमळ तिने मागवलं होतं, तेही अन्नम्मा, तेही टिंबवाल्या शोशाम्माकडून. कंद तिने चिखलात ठेवला, रोज पाणी बदललं, त्याच्याशी बोलली. पान आलं ते हृदयाच्या आकाराचं. तिने आनंदाने गटात फोटो टाकला. गटाने सवयीने 'सुपर' म्हटलं. थोड्या वेळाने कुणीतरी चाचरत लिहिलं की हे अळू आहे.

मग आणखी दोघींनी लिहिलं, आमचंही अळू आलं.

त्या दिवशी सगळा गट शोशाम्मावर उलटला. कुठल्या, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. प्रसन्नाटीचरांनी निकाल दिला की दोघींचाही व्यवहार बंद; जी खरी ठरेल ती राहील, दुसरी जाईल. आणि कुणीच खरी ठरली नाही तर अन्नम्मा हे नावच गटात पुन्हा निघणार नाही.

काथ्यातले कंद तोवर वाट पाहत होते.

खरेपणा सिद्ध करायला खरी शोशाम्मा फार वाईट निघाली. तिने ओळखपत्राचा फोटो पाठवला, त्यावर तिचा अंगठा आलेला. खोटीने पाठवलेलं ओळखपत्र इतकं स्वच्छ होतं की सरकारलाही तसं जमलं नसतं. मग खरीने आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागे बदकं ओरडत होती, ती काय म्हणाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोटीने फुलांच्या महिरपीत स्वतःचा, म्हणजे हिचाच, हात जोडलेला फोटो पाठवला. बाया म्हणाल्या, बघा, किती नम्र आहे.

शोशाम्मा माझ्या काठावर येऊन बसली. ती अशी कधी बसत नसे.

"इच्चाया, ती माझ्यापेक्षा जास्त मी आहे हो," ती म्हणाली.

वर्कीने थोडा विचार केला. "स्वयंपाक येतो का तिला?"

शोशाम्माने त्याच्या अंगावर शेवाळ फेकलं. पण मग ती उठली आणि तिने काथ्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. कंद आपले असोत नसोत, वाळू द्यायचे नाहीत, असं तिचं बहुतेक ठरलं होतं.

शेवटी टीचरांनी परीक्षा लावली. दुपारचा चहा झाल्यावर, ठीक चार वाजता, दोघींनी आपल्या अन्नम्माचं फूल आत्ताच्या आत्ता चित्रित करून पाठवायचं. कालचं चालणार नाही.

चार वाजले आणि खोटीचं चित्रण लगेच आलं. पूर्ण उमललेली अन्नम्मा, मध्ये कोवळा पिवळा गाभा, पाकळ्यांवर दवाचे थेंब, खाली मी. शोशाम्माने महिन्यापूर्वी सकाळी काढलेलंच ते चित्रण. गटाने सवयीने 'सुपर' म्हटलं.

मग शोशाम्माचं आलं. घट्ट मिटलेली एक कळी, खाली पुन्हा मी. मित्रांनो, दोन्ही बाजूंचा साक्षीदार मी एकटाच होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

एकीकडे फुललेलं कमळ, दुसरीकडे मिटलेलं. प्रसन्नाटीचरांनी फोन लावला.

"शोशाम्मा, तिचं फूल उघडं आहे. तुझं का मिटलंय?"

"चार वाजलेत, टीचर. मिटणार नाही तर काय तुमची वाट बघत बसणार? सकाळी या, उघडं दाखवते. जेवलात का?"

तेवढ्यात गटात सुबैदाने लिहिलं. अळू मिळालेली, गटातली सगळ्यात नवखी बाई. तिने लिहिलं, 'माझ्याकडे कमळ नाही, म्हणून विचारते. तुमच्यापैकी कुणाचं या वेळेला उघडं आहे का? आणि दुपारी चार वाजता दव कुठे पडतं?'

सगळ्या जणी आपापल्या परसात, गच्चीवर, अंगणात गेल्या.

मग कासरगोडहून एक मिटलेलं कमळ आलं, सिमेंटच्या टाकीतलं. त्रिशूरहून एक, जुन्या घमेल्यातलं. कोल्लमहून प्लास्टिकच्या पिंपातलं. आलप्पुळाहून फुटक्या होडीतलं. पालघाटच्या त्या बाईंचंही आलं. तिसऱ्या दिवसाचं एखादं फूल मिटायचा आळस करत होतं, पण त्याचा गाभा हिरवा पडला होता आणि पाकळ्या गळत होत्या. पिवळ्या गाभ्याचं, दवाने भिजलेलं एकही नव्हतं. सगळ्या केरळातली कमळं तेव्हा झोपली होती, आणि त्यांच्या खाली त्यांचे टब होते, पोचे आलेले, चिकटवलेले, दगडावर टेकवलेले. इतके आप्त मी एका जागी कधीच पाहिले नव्हते. मला वाटायचं, टवका उडालेला मी एकटाच आहे.

सगळ्यात शेवटी टीचरांचं कमळ आलं. तेही मिटलेलं. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'प्रश्न काढणारीने आधी स्वतःच्या कुंडीकडे पाहायला हवं होतं.'

टिंबवाल्या शोशाम्माने 'ताई, नेटवर्कचा घोळ आहे' असं लिहिलं. अर्थात लगेच लिहिलं. मग ती नाहीशी झाली. सायबर पोलिसांकडे तक्रार गेली आहे, तपास चालू आहे. कंद त्याच दिवशी घरोघर निघाले. काही मऊ पडले होते, पुष्कळ तगले. पहिला सुबैदाला गेला, शोशाम्माच्या वतीने भेट म्हणून, सोबत एक डोळा बारीक असल्याची सूचना. त्याला आता पान आलं आहे, गोल. अळूही तिने उपटलं नाही. म्हणाली, त्याचा काय दोष.

तर मित्रांनो, कुणी फार लवकर आणि फार गोड उत्तर दिलं तर पैसे पाठवण्याआधी फोन करा, आवाज ऐका, आत्ताचं फूल आत्ता दाखवायला सांगा, आणि ते खरं वाटतं का हे शेजारणीला विचारा. आपल्या कुंडीकडेही एकदा पाहा. आणि जी बाई तुम्हाला चार दिवसांनी उत्तर देते आणि आधी जेवलात का विचारते, तिच्यावर रागावू नका.

माझी एकच मागणी उरली आहे, ती रीतसर मांडतो.

प्रति, मा. संबंधित अधिकारी. अर्जदार हा कोट्टयम जिल्ह्यातील एक बाथटब असून, त्याच्या छायाचित्रांचा विनापरवाना वापर करणारी व्यक्ती अद्याप सापडलेली नाही. तिचा कामाचा उरक, गोड बोलणे व पत्रव्यवहारातील तत्परता पाहता ती वाया जाऊ नये असे अर्जदारास वाटते. तरी सदर व्यक्ती सापडताच तिला शासकीय खर्चाने एक टब, दोन टोपल्या चिखल व अन्नम्मा जातीचा एक कंद देण्यात यावा, आणि फूल येईल त्या दिवशी सकाळी ते उघडे असतानाच त्याचे छायाचित्र काढून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.