रिकाम्या झोळीचं वजन

मित्रांनो, लोखंडी आकड्याला लटकणारा मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे हं, बाळांचा. माझ्याखाली कापडी झोळी बांधतात, तिला पायांसाठी दोन भोकं असतात. बाळ आत बसलं की तबकडीवरचा काटा फिरतो आणि त्याचं वजन कळतं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच चकचकीत होती आणि नाकही जरा वरच होतं.

मला दवाखान्यातल्या सिस्टरबाईंकडे दिलं. महिन्यातून एकदा त्या मला पिशवीत घालून गावाबाहेरच्या दगडखाणीवर न्यायच्या. तिथं खडी फोडणाऱ्यांची तीस-चाळीस पत्र्याची घरं होती. तिथवर ना धड रस्ता, ना गाडी. बाई दीड तास चालायच्या आणि एका दारातल्या आडव्या बांबूला मला टांगायच्या. बाळं माझ्यात बसली की भोकाड पसरायची. एकानं तर मला चिंब भिजवलं, पण मी रागावलो नाही. बायका भोवती बसायच्या आणि पाणी उकळण्यापासून बाळाच्या घासापर्यंत सगळं बाई त्यांना समजावून सांगायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा बाईंचा पाय घसरला आणि मी खडीवर आपटलो. तेव्हापासून झोळी रिकामी असली तरी माझा काटा अर्ध्या किलोवर उभा राहायचा. माझ्या पाठीला एक लहानसा स्क्रू आहे. तो जरा फिरवला असता तरी भागलं असतं. पण बाई म्हणाल्या, "राहू दे, मी मनातल्या मनात अर्धा किलो वजा करीन." त्या कधी चुकल्या नाहीत. मात्र हे त्यांनी कुठं लिहूनही ठेवलं नाही. पुढे त्यांची बदली झाली आणि तो अर्धा किलो त्यांच्याबरोबरच गेला.

नव्या सिस्टर तरुण होत्या, मनापासून काम करायच्या. पण बाळांची रांग लागलेली असायची, त्या घाईत त्यांनी मला रिकामं कधी पाहिलंच नाही. खाणीवर अकरा महिन्यांची एक मुलगी होती. सारखी रांगायची म्हणून आई तिला मुंगी म्हणायची. त्या दिवशी मुंगी माझ्यात बसली आणि रडलीच नाही. तिचं खरं वजन साडेसहा किलो होतं, मागच्या खेपेला जुन्या बाईंनी लिहिलेल्या वजनापेक्षा पाव किलो कमी. मी सात दाखवलं.

"छान, पाव किलो वाढली की," असं म्हणत सिस्टरनी तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात ठिपका दिला.

आई तिथून हलेना. "बाई, माझ्या हाताला हलकी लागते हो. दोन दिवस रांगलीपण नाही."

"अगं, हाताचं काय घेऊन बसलीस? काटा दिसतोय ना समोर?"

आई माझ्याकडे बघत राहिली. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठं आहे? ठिपका कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात पडला असता तर मुंगीला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. पुढच्या महिन्यात मी बांबूला लटकून वाट बघत राहिलो, मुंगी आली नाही. साध्या खोकल्यानं गेली, असं बायका हळू आवाजात सांगत होत्या.

तेव्हा सिस्टरनी मला रिकामं टांगून पाहिलं आणि काटा अर्ध्या किलोवर उभा दिसला. मुंगीच्या आईकडे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला कपाटात टाकलं. तिथं माझी झोळी हलायची. वारा नव्हता, उंदीर नव्हता. भोकांतून पाय सोडून, न रडता, कुणीतरी आत बसलंय असं वाटत राहायचं. मला फार भीती वाटायची.

काही वर्षांनी कपाट उघडलं ते मुंगीच्या आईनं. ती आता खाणीवरची आरोग्यताई झाली होती. तिनं माझा स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला आणि मला परत खाणीवर नेलं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र कुठं दिसलं तर आधी त्याला रिकामं बघा. त्यातला बिघाड मनात ठेवू नका, लिहून ठेवा. आणि एखादी आई काही सांगत असेल तर तिचं ऐका.

आता बाळ बसवण्याआधी आरोग्यताई सगळ्या आयांना जवळ बोलावते.

"रिकामी आहे ना गं झोळी?"

"रिकामी, ताई."

मग ती झोळीखाली तळहात धरून जराशी उचलून बघते. हाताला काय लागतं, ते ती कुणाला सांगत नाही. मला ठाऊक आहे. मी शून्य दाखवत राहतो.