शेडवरचा नमुना

बाहेरच्या मोरीतला साबण कोरडा होता. सासूबाईंनी तो उचलला, नखाने खरवडून पाहिला आणि कुणाला कळू नये अशा बेताने होता तसा ठेवून दिला. जावई कामावरून येऊन बराच वेळ झाला होता.

"अंघोळ न करताच आत गेलाय," त्या लेकीला हळूच म्हणाल्या.

"ती जुनी वडी आहे, आई. नवी वर कोनाड्यात ठेवलीय. ओलीच असेल, बघ हवं तर."

"तूच ओली करून ठेवली असशील."

लेक दोरीवरचे कपडे काढायला वळली. संशयाला उत्तर दिलं की तो आणखी फोफावतो, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

सासूबाईंचे यजमान आप्पा यांचं मूत्रपिंड बदललं तेव्हा घरात धावपळ करायला कुणीतरी हवं, म्हणून लेक-जावई इथेच राहायला आले. नव्या मूत्रपिंडाला शरीराने परकं समजून हाकलू नये, यासाठी आप्पांना रोज गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी शरीराची सगळी राखणच ढिली पडलेली. मग एकदा खोकला आणि ताप आला. पक्ष्यांच्या श्वासनळीत राहणारा एक जंतू आप्पांच्या छातीत सापडला. "घरात पक्षी आहेत का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पक्षी नाहीत. जावई आहेत."

जावई कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता. पिलं वाढवायची, पाणी बदलायचं, आजारी कोंबडी वेगळी काढायची.

औषधाने ताप गेला, परत आला. पुन्हा गेला, आणि आता तिसऱ्यांदा आला होता. दर वेळी घरातला एकेक नियम वाढला. जावयाची अंघोळ बाहेर, कपड्यांची बादली वेगळी, ताट वेगळं. तरी सासूबाई त्याच्या सदऱ्याची कॉलर हुंगून पाहत. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात त्या कापड बेतायला होत्या. तिथे बायकांना, आणि घरी आल्यागेल्यालाही, सांगत, "आमच्याकडे शेडवरचा एक नमुना आहे. तोंडाने गरीब, पण करणी कोण बघतंय?"

या वेळी मात्र त्यांनी लेकीला स्पष्टच बजावलं, "जंतू शेडवरचा निघाला, तर एक तर शेड सुटेल, नाहीतर हे घर."

"शेड सोडून ते करतील काय? पिलांशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही."

"मग पिलं घेऊन वेगळं बिऱ्हाड करा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधीच्या दोन्ही तापांतले जंतू आम्ही राखून ठेवलेत. आताच्याशी ताडून बघू. त्यासोबत शेडवरचा नमुनाही मिळाला, तर बरं होईल."

सासूबाईंना हेच हवं होतं. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "डॉक्टरांना शेडवरचा नमुना हवाय. लगेच पाठव."

पलीकडून मग लेक म्हणाली, "बरं."

दुपारी दारात जावई उभा. केस ओले, सदरा धुतलेला. तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "नमुना हजर आहे."

"कुठे आहे?"

"हा काय. मीच."

"अहो, मला कोंबड्यांच्या घशातला नमुना हवा होता."

"असं होय. घरात मला तेच म्हणतात, म्हणून वाटलं मलाच बोलावलंय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सासूबाईंना सोपं गेलं असतं. त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसल्या. ते आधीच लागलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "आलाच आहात तर तुमच्याही घशातलं घेते. बसा, तोंड उघडा." कोंबड्यांचं मग शेडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पाठवलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. तो ऐकायला सासूबाई एकट्याच गेल्या, कारण दुसऱ्या कुणी आणला तर मध्येच काहीतरी बदलेल, असं त्यांना वाटत होतं.

"तुमच्या जावयांच्या घशात काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोंबड्यांमध्ये आहे. पण तो आणि आप्पांचा आता फार लांबचे नातेवाईक झालेत."

"नातेवाईक म्हणजे तिथूनच आला की."

"कधीतरी, कुठल्यातरी पक्ष्याकडून आला. एकदाच. कुणामार्फत, ते सांगता येणार नाही. पण त्यानंतर नव्याने कुणीही आणलेला नाही. तिन्ही तापांचा जंतू एकाच वंशाचा आहे. औषधाने तो दबला, संपला नाही. आतच राहिला आणि बदलत गेला."

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "जावई तुम्हाला मधे येऊन भेटून गेले का?"

"नाही हो." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कापड बेतता ना? शर्ट कशावरून कापता?"

"कागदी नमुन्यावरून."

"कापलेल्या शर्टावरून दुसरा का नाही कापत?"

"छे. सूतभर फरक पडतोच. त्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा, असं करत गेलं तर शेवटी शर्ट अंगात जायचा नाही."

"जंतूकडे कागदी नमुना नसतो. तो कापडावरूनच कापड कापतो. चुका दुरुस्त करायची एक सोय त्याच्यात असते, पण आप्पांच्या जंतूची तीही बिघडलीय. धडधाकट शरीर असे जंतू टिकू देत नाही. आप्पांच्या शरीरात तपासणाराच डुलक्या घेतोय. बहुतेक चुका वायाच जातात, पण एखादी अशी पडते की जंतू औषधाला पुरून उरतो. म्हणून पहिलं औषध आता चालत नाही. नवी दोन औषधं एकदम द्यावी लागतील, सलाईनमधून. रोज सकाळी आणावं लागेल त्यांना, बरेच दिवस."

हे सासूबाईंना समजलं. इतकं नीट समजलं की नाही म्हणायला जागा उरली नाही.

संशय मात्र रिकाम्या हाताने घरी यायला तयार नव्हता. दवाखान्याच्या खिडकीत बसणारी कबुतरं होती, कोपऱ्यावरचा कोंबडीवाला होता. त्याच्याकडे त्या स्वतःच नेत ती कापडी पिशवी होती, तीच पिशवी आप्पांच्या उशाशी औषधं ठेवायलाही वापरलेली. त्या पिशवीपाशी येऊन सासूबाईंनी विचार करणं थांबवलं.

घरी पुढच्या खोलीत दोन बोचकी बांधून ठेवलेली. लेक तिसऱ्याला गाठ मारत होती.

"हे काय? निकालाची तरी वाट बघायची."

"निकालावर राहायचं आणि निकालावर जायचं, असं घर नको मला, आई. शेडजवळ खोली घेतलीय."

"त्यांच्यामुळे नाही आलेला ताप," सासूबाई म्हणाल्या. वाक्य तोंडातून बाहेर यायला फार वेळ लागला.

जावई भिंतीशी उभा होता. "ठाऊक होतं मला. दुसऱ्या तापापासून मी आप्पांच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. खिडकीतून बोलतो आम्ही."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही मोरीकडे असायचात तेव्हा."

आत आप्पांना खोकल्याची उबळ आली.

"रोज सकाळी सलाईनला न्यायचंय," सासूबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, ते त्यांनाच ठरवता येईना.

"किती वाजता?" जावयाने विचारलं.

"तुम्ही तर निघालात."

"राहायला निघालोय. आप्पांना न्यायला येणार नाही, असं कुठे म्हटलं?"

"मग त्यांनाही सांगा तसं. आत जाऊन सांगा."

"आत?"

"आत."

तो उंबऱ्यापाशी थांबला आणि मग गेला. आप्पा अंथरुणावर उठून बसले, काहीतरी हसून म्हणाले. त्याने त्यांचा हात हातात घेतला. त्याबरोबर सासूबाईंची नजर त्याच्या बोटांवर, नखांवर गेली. मळ आहे का? त्यांनी घाईने मान फिरवली.

लेकीने ते पाहिलं होतं. तिने गाठ घट्ट केली आणि बोचकं उचललं. "सकाळी येतो आम्ही दोघं, आई," ती म्हणाली. "तयार ठेव त्यांना."