ताम्हणातलं पाणी

हे मी उभ्यानं लिहितोय. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवलेत, कारण बसायला डॉक्टरांची मनाई आहे आणि बसवतही नाही. गळू कुठं झालं होतं ते सुज्ञांस सांगणे न लगे. जखम भरेपर्यंत थांबावं म्हटलं, तर तेवढा धीर नाही. परवापासून मी इतक्या उत्साहात आहे की श्यामलानं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी बाळ खांबेटे, भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक, राहणार सदाशिव पेठ, दुसरा मजला, लिफ्ट नाही. देव मानत नाही. नुसतं मानत नाही एवढ्यावर भागलं असतं, पण मी गावोगाव जाऊन बाबांचे चमत्कार फोडून दाखवतो. नोकरीत होतो तेव्हा रविवारी दाखवायचो, आता बोलावतील तेव्हा. नारळातून आग काढतो, जिभेवर कापूर पेटवतो आणि मग ते कसं केलं ते समजावून सांगतो. पहिल्या भागाला लोक टाळ्या वाजवतात, दुसऱ्या भागाला चहा प्यायला उठतात.

श्यामला, म्हणजे माझी बायको, रोज पूजा करायची. खरं तर आमच्या घराण्यात देवपूजा पुरुषानं करायची पद्धत. मी लग्न झाल्याबरोबर हात वर केले, तेव्हा पूजा श्यामलाच्या गळ्यात पडली. सकाळी ती ताम्हणात देव घेऊन बसायची आणि मी शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन. मी टोमणे मारायचो. ती फारतर विचारायची, "तुमचा पेपर वाचून झाला का?" असा आमचा संसार चाळीस वर्षं झकास चालला.

दिवाळीच्या तोंडावर तुळशीबागेतून येताना ती रिक्षातून उतरता उतरता पडली आणि उजवं मनगट मोडलं. पेठेतल्याच एका नर्सिंग होममध्ये हाड जागेवर बसवायचं ठरलं. भूल द्यायला आली ती डॉक्टर वल्लरी, माझी जुनी विद्यार्थिनी. काम थोडक्यात आटपलं. मी आत गेलो तर श्यामला छताकडे बघून हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी पार कानापर्यंत गेलं होतं. मला वाटलं, दुखतंय.

"अहो," ती म्हणाली, "तिथं मी नव्हतेच. आणि तरी सगळं होतं."

घरी आल्यावर तिनं सविस्तर सांगितलं. आधी दिवा गेला, मग खोली गेली, मग हात गेला आणि शेवटी ती स्वतःच गेली. उरला तो उजेड, आणि तो तिला ओळखत होता. हे सांगताना ती इतकी सुंदर दिसत होती की मी टोमणा मारायला विसरलो. मग तिनं मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती रोज पूजेला बसली, पण तिला कधी काही जाणवलं नव्हतं. बाकीच्या बायकांना दृष्टान्त व्हायचे, स्वप्नं पडायची. हिला काही नाही. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं ती धरून चालली होती. आता एकदाचं बोलावणं आलं.

पुढचे दिवस घराचं नुसतं लग्नघर झालं होतं. श्यामला गुणगुणत उठायची. केयूरला, म्हणजे आमच्या मुलाला, हिंजवडीच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये फोन करून तो उजेड पुन्हा पहिल्यापासून सांगायची. उजव्या हाताला प्लास्टर, आणि डाव्या हातानं देवाला पाणी घालत नाहीत. तेव्हा नास्तिकाची नेमणूक झाली. मी मांडी घालून देव धुवायचो आणि ती खुर्चीत बसून देखरेख करायची. बाळकृष्णाला जरा हळू पुसा, ही काय प्रयोगशाळेतली परीक्षानळी आहे का, असं सगळं चालायचं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

मग वरच्या मजल्यावरच्या नंदाताई आल्या आणि श्यामलासमोर हात जोडून बसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन आल्या. त्यातल्या एकीनं मुलाचं लग्न कधी जमेल ते विचारलं. श्यामला म्हणाली, मला काय माहीत, तर त्यांना तो विनय वाटला. त्या वाकून नमस्कार करायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं. ज्यासाठी मी गावोगाव हिंडलो ते माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर सुरू झालं होतं.

वल्लरीला मी औषधाचं नाव आधीच विचारून ठेवलं होतं. केटामिन. त्यानं माणसाला आपण शरीराबाहेर गेल्यासारखं वाटतं, उजेड दिसतात, भास होतात. केयूरनं इंटरनेटवरून कागदांचा गठ्ठाच छापून आणला. परदेशात लोक हे पार्टीत घेतात म्हणे, आणि अशा औषधांनी जे होतं त्यात आणि साधुसंतांच्या अनुभवात काय नातं आहे यावर शास्त्रज्ञ अभ्यास करतात. हे दुसरं वाक्य मी तेव्हा वाचून सोडून दिलं.

बायका बसलेल्या असतानाच मी उभा राहिलो. चमत्कार त्यांनी पाहिला होता, आता दुसरा भाग माझा होता.

"औषध होतं ते," मी म्हणालो. "उद्या मला दिलं तरी हेच दिसेल."

बायका उठून गेल्या. श्यामलानं एवढंच विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, नक्की.

"मग मी इतकी वर्षं बसत होते कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी आपला सवयीनं ताम्हणात पाणी घेतलं, तर ती म्हणाली, राहू दे. तिसऱ्या दिवशीही राहू दे. प्लास्टर निघालं, हात मोकळा झाला, तरी ती बसली नाही. देवांवरची फुलं वाळून तपकिरी झाली. रागावली असती, भांडली असती तर मी खूश झालो असतो. ती नीट बोलायची, नीट जेवायला वाढायची आणि टीव्हीसमोर बसून राहायची, पण बघायची नाही. केयूर फोनवर विचारायचा, बाबा, आई हो-नाही एवढंच का बोलते? आयुष्यभर ज्या वादात मी हरत आलो होतो तो जिंकलो होतो, आणि सकाळी एकच बातमी तीनदा वाचत होतो. मला भीती वाटायला लागली होती.

अशात ते गळू झालं. तेही कुठं, तर पूजेला बसतात तिथं. नंदाताईंनी यावर काय निष्कर्ष काढला असेल तो काढो. वल्लरी म्हणाली, सर, तेवढीच जागा बधिर करून चिरता येईल. मी म्हणालो, नको, तुझ्या काकूंना दिलंस ते दे. तिनं माझ्याकडे बघितलं, रक्तदाब बघितला, हृदयाचा आलेख काढला आणि मगच कबूल झाली. भास कमी व्हावेत म्हणून सोबत दुसरं एक औषध देतात, ते थोडंच देईन म्हणाली. सर, प्रॅक्टिकलला तुम्ही मला नापास केलं होतं, हेही जाता जाता म्हणाली.

मला देव बघायचा नव्हता. माझ्या त्या एका वाक्यानं श्यामलाचं नेमकं काय हिरावून घेतलं, ते मला बघायचं होतं. ते कळल्याशिवाय तिच्याशी बोलायला तोंड नव्हतं. ती थर्मास घेऊन बाहेर बाकावर बसली होती. मी कशासाठी एवढा हट्ट धरला ते तिला माहीत नव्हतं.

मी निरीक्षणाच्या तयारीनं आडवा झालो. वरची ट्यूबलाइट लांब लांब होत गेली, हे मी व्यवस्थित नोंदवलं. मग नोंदवणाराच कुठं तरी गेला. अंधार म्हणावा तर अंधार नव्हता. आणि त्यात आवाज आला, तांब्याच्या ताम्हणात पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेचा. मग पळी काठाला लागली. मग सहाणेवर चंदनाचं खोड फिरायला लागलं, आणि त्याच्या मागं श्यामलाचं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. ते मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. आता त्यातलं अक्षर न् अक्षर मला येत होतं. आवाज बाहेरून येत नव्हता, मीच त्या आवाजाचा झालो होतो. हातपाय असलेला कोणी देव आला नाही. पण काय आनंद होता हो. केयूर झाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

शुद्धीवर आलो तेव्हा मी रडत होतो आणि श्यामलाचा उजवा हात, नुकता बरा झालेला, घट्ट धरून भडाभडा बोलत होतो. पाणी, पळी, चंदन, तू, सगळं एका दमात. तिनं ते अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतलं. पदरानं माझं नाक पुसलं. आणि मी बायकांसमोर ज्या आवाजात बोललो होतो, हुबेहूब त्याच आवाजात म्हणाली,

"औषध होतं हो ते."

वल्लरी भिंतीकडे तोंड करून हसली.

घरी जाताना रिक्षात मी एका कुशीवर कलंडलो होतो, तरी गप्प बसवेना. "औषध होतं, मान्य," मी म्हणालो. "पण बाटलीत ताम्हण नव्हतं, श्यामला. पाणी नव्हतं, चंदन नव्हतं. मी तर पेपर वाचत होतो. ते माझ्यात तू भरलंस, रोज बसून. तू विचारलंस ना, कशाला बसत होते?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. श्यामला बाहेर बघत होती. घराजवळ, नागनाथ पाराशी, ती माझ्याकडे वळली.

"गंध उगाळल्याचा आवाज पण होता?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, होता, अगदी स्पष्ट.

"माझ्या वेळी नव्हता," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क असूया होती. लग्न झाल्यापासून आम्ही एका घरात राहतो, पण एकाच गावाला जाऊन आल्यासारखे पहिल्यांदाच बोलत होतो. जिना चढेपर्यंत ती मला तिथलं एकेक विचारत होती.

काल दिवसभर मात्र ती पुन्हा टीव्हीसमोर बसून होती. मी देव मानायला लागलो का, असं केयूरनं फोनवर विचारलं. नाही लागलो. पण त्याच्या गठ्ठ्यातलं ते दुसरं वाक्य मी काल उभ्या उभ्या चारदा वाचलं आणि आता ते मला सोडवत नाही.

आज सकाळी मी इथं ओट्यापाशी लिहायला लागलो तेव्हा देव्हाऱ्याकडे खसखस वाजलं. ती वाळलेली फुलं काढत होती. मी वळून बघितलं नाही, लिहीतच राहिलो, पण अक्षर बिघडलंय ते वर दिसत असेल. मग तांब्या घासल्याचा आवाज आला. मग पाट मांडल्याचा. ताम्हणात पाण्याची धार मात्र अजून वाजेना.

"अहो," तिनं हाक मारली, "पेपर घेऊन इकडे या ना. बसता येत नसेल तर उभे राहा."