दाराकडं तोंड केलेल्या चपला

महजूबानं सकाळीच बोचकं बांधून दाराशी ठेवलं. उस्ताद सल्लूमनं ते पाहिलं आणि पुन्हा चामड्यात मान घातली. काल जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात ती म्हणाली होती, की दुपारच्या बसनं वाझीनला बहिणीकडं जाते, आता तिकडंच राहीन म्हणते. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला होता. पण का म्हणून विचारायचं नाही आणि जाऊ नकोस असं तर मुळीच म्हणायचं नाही, हे त्याचं तत्त्व. एके काळी अख्ख्या मरजून देशानं हे तत्त्व डोक्यावर घेतलं होतं. आता ते सांभाळायला तो एकटा उरला होता, आणि लग्नाची बायको निघाली होती.

खाऱ्या तळ्यावरून पांढरं ऊन गल्लीत उतरत होतं. अशा उन्हात सल्लूमचे हात आपोआप चपला शिवत राहायचे आणि मन कुठल्या कुठं जायचं.

आमच्या मरजूनात तेव्हा पाहुण्याची चप्पल लपवायची रीत होती. पाहुणा उठला की यजमानानं त्याची एक चप्पल हळूच पळवायची आणि रांजणामागं म्हणा, पाळण्याखाली म्हणा, कुठंही दडवायची. पाहुण्यानं ती शोधायची. दिसली तरी न दिसल्यासारखं करून भलतीकडं शोधायची, ही पाहुण्याची अदब. तोवर पुदिन्याचा चहा पुन्हा चुलीवर चढायचा. महजूबा पहिल्यांदा बापाबरोबर या दुकानात आली, तेव्हा सल्लूमच्या आईनं तिची चप्पल पिठाच्या डब्यात घातली होती. पोरगी घरभर शोधत हिंडली, डब्याकडं मात्र फिरकली नाही. आई लेकाच्या कानात म्हणाली, "हिलाच करून घे, सल्लूम. हिला राहायचंय."

सरकारलाही हीच खोड होती, फक्त त्यात चहा नव्हता. कचेरीत शिरताना शिपाई चपला काढून घ्यायचा आणि साहेबाची मर्जी होईपर्यंत परत द्यायचा नाही. गच्चीला चुना लावायला परवाना, कबुतरं पाळायला परवाना, मामाच्या गावी जायलाही परवाना. माणसं दिवसदिवस अनवाणी ताटकळायची. सल्लूम एकदा कबुतरांच्या परवान्यासाठी गेला, ऊन कलेपर्यंत बसला आणि उठला. शिपाई म्हणाला, "उस्ताद, चपला?"

"ठेव तुलाच. मी शिवतो की दुसऱ्या."

आणि तो तसाच चालू लागला. एवढंच झालं, शपथेवर सांगतो. त्यानं मागं वळून पाहिलं तर बरकाश तांबट येत होता, त्याच्यामागं गल्लीतली सुईण, आणि तिच्यामागं रस्ता भरून माणसं, सगळी अनवाणी, तापल्या फरशीवर बोटं उचलून चालणारी. कुणी घोषणा देत नव्हतं. त्या चालण्याचाच पक्ष झाला. नाव 'मोकळी वाट', निशाणी दाराकडं तोंड केलेल्या पिवळ्या चपला. आणि सल्लूमचं भाषण कायम एकच: ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या, ज्याला यायचंय त्याला येऊ द्या, मधे कडमडू नका.

निवडणूक जिंकली तो वसंत सल्लूमला अजून झोपेत दिसतो. जकातनाक्याचं दार कुणीतरी काढून नेलं आणि त्याचा पलंग केला. कचेरीत कबुतरं राहायला आली, शिक्क्यांच्या कपाटात त्यांनी अंडी घातली. सीमेवरचे शिपाई घरी गेले, आणि उंटवाले काही काम नसताना, नुसती गंमत म्हणून, इकडून तिकडं ये-जा करत राहिले. गच्चीवर पडल्या पडल्या महजूबा विचारायची, "सल्लूम, हवा हलकी झालीय का रे?" खरंच झाली होती.

इथंवर सगळं छान होतं. मग एका सभेत कुणीतरी अतिशहाणा उठला आणि म्हणाला, सरकारनं अडवलेलं चालत नाही, मग यजमानानं अडवलेलं कसं काय चालतं? सगळ्यांनी सल्लूमकडं पाहिलं. त्याला आईचा पिठाचा डबा आठवला. पण तत्त्व ते तत्त्व, त्यानं मान डोलावली. त्या दिवसापासून पक्षाच्या माणसानं कुणाची चप्पल लपवायची नाही, आणखी एक घास घे म्हणायचं नाही, थांब म्हणायचं नाही, असं ठरलं. पाहुणा उठला की त्याच्या चपला दाराकडं वळवून ठेवायच्या आणि म्हणायचं, "वाट मोकळी आहे."

काय सांगावं, लग्नाला गेलेली माणसं अर्धपोटी उठू लागली. पहिल्यांदा विचारलं की मरजूनी माणूस नको म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दुसऱ्यांदा विचारणारं कुणी राहिलंच नाही. मधोमध मटण गार होत पडायचं आणि यजमान नि पाहुणे एकमेकांकडं आदरानं बघत बसायचे.

पक्षही असाच सुटत गेला. भांडण नाही, फाटाफूट नाही. एके दिवशी भर सभेतून बरकाश उठला. सल्लूमच्या पाठोपाठ पहिलं पाऊल टाकणारा हा माणूस.

"निघतो मी, सल्लूम. पुन्हा येईन असं वाटत नाही."

"वाट मोकळी आहे, बरकाश."

"एवढंच?"

"आणखी काय हवं?"

बरकाश दारात कितीतरी वेळ चपला घालत राहिला. सल्लूमला वाटलं, टाच अडकत असेल, त्या दिवसांत चामडंच कडक येत होतं. नंतर कधीतरी बाजारात त्याच्या कानावर आलं, की बरकाश म्हणतो, त्या दिवशी एक चप्पल लपवली असती तरी मी मेलो असतो पण गेलो नसतो. ते ऐकून सल्लूम दोन गल्ल्या चुकला होता.

मग सुईण गेली, बाकीचेही गेले, आणि प्रत्येकाला सल्लूमनं चपला वळवून दिल्या. पुढच्या निवडणुकीत मोकळ्या वाटेकडून मतं मागायलाच कुणी गेलं नाही, कारण मागणं म्हणजे आग्रह झाला. जुनी मंडळी परत आली. त्यांनी कबुतरं हाकलली, दारं बसवली आणि शिपायाला पुन्हा कामावर घेतलं. सल्लूम मुकाट्यानं दुकानात येऊन बसला.

"ऐकतोयस का?" महजूबा म्हणत होती. "भाकरी फडक्यात बांधल्यात. ऑलिव्ह वरच्या बरणीत आहेत."

"हं."

"बस यायची वेळ झाली."

"हं."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "माझी आई गेली तेव्हा अख्खा हिवाळा मी वाझीनला होते. निघाले तेव्हा तू म्हणालास, वाट मोकळी आहे. परत आले तेव्हाही तेच म्हणालास. तेव्हापासून मला कळेनासं झालंय, मी तुझ्या घरात राहते की रस्त्यात."

त्या हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी बसथांब्यापर्यंत जाऊन यायचा. ते सांगावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण सांगणं म्हणजेही अडवणंच की. त्यानं दाभण उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

महजूबा शाल घ्यायला आत गेली. दाराशी तिच्या चपला होत्या, पिवळ्या, त्यानंच शिवलेल्या, दाराकडं तोंड केलेल्या. सकाळी उठल्या उठल्या सवयीनं त्यानंच त्या वळवल्या होत्या. आपल्या हाताचा त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तो गुडघे धरत उठला. एक चप्पल उचलली, चामड्याच्या ढिगात खुपसली आणि धापा टाकत जागेवर येऊन बसला.

ती शाल पांघरून बाहेर आली आणि दारात थबकली.

"सल्लूम, माझी दुसरी चप्पल?"

"मला काय माहीत." त्याचा आवाज फाटला.

ढिगातून चपलेचं पिवळं टोक चांगलं बोटभर बाहेर आलं होतं. लपवायची सवयच राहिली नव्हती त्याला. महजूबानं त्या टोकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी बसचा भोंगा वाजला.

"तुझ्या पक्षात हा गुन्हा आहे," ती म्हणाली.

"पक्ष गेला," सल्लूम म्हणाला. "तू जाऊ नकोस, महजूबा. मला तुझ्याशिवाय नाही राहता यायचं."

भोंगा पुन्हा वाजला. महजूबानं बोचकं तिथंच ठेवलं, ढिगाला वळसा घातला आणि अनवाणीच आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि बस निघून जाईपर्यंत ती तिथंच चप्पल शोधत राहिली.